पेट्रोलचं मॉइश्चर

जालन्याच्या मोंढ्यात सोयाबीनची गाडी लागली की व्यापारी आधी मूठभर दाणे मशीनमध्ये घालतो. मॉइश्चर 12 च्या वर दिसलं की भाव पडला. शेतकरी कुरकुरतो, पण मुद्दा त्यालाही पटतो: पाण्याचे पैसे कोण देईल?

तोच शेतकरी माल विकून पंपावर येतो आणि कसलंही मशीन न पाहता पुरे पैसे मोजतो. निव्वळ पेट्रोलच्या लिटरमध्ये साधारण 32 मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलच्या लिटरमध्ये 21. पंपावर मिळतं तसं वीस टक्के इथेनॉल मिसळलं की उरते 30 च्या आत. शंभराच्या नोटेमागे सातेक रुपयांचा दम कमी. भाव मात्र जिथल्या तिथे.

सरकारचं म्हणणं, या मिश्रणासाठी जुळवलेल्या गाड्यांचं ॲव्हरेज एक-दोन टक्केच घटतं, बाकीच्यांचं तीन ते सहा. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, नवं इंजिन त्यातून थोडं वसूल करतं, हे खरंच. भोकरदन-जाफराबादकडची पंधरा वर्षांची मोटारसायकल काय वसूल करणार?

गंमत पुढे आहे. नीती आयोगाच्याच 2021 च्या अहवालात सुचवलं होतं की या इंधनात ऊर्जा कमी, तेव्हा भावही साध्या पेट्रोलपेक्षा कमी ठेवा. 2025 मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने उत्तर दिलं: इथेनॉल आता सरासरी 71 रुपये 32 पैशांना पडतं, रिफायनरीतल्या पेट्रोलपेक्षा महाग. म्हणजे माल हलका, पण आम्हालाच महाग पडला, सबब पुरे पैसे द्या! असा युक्तिवाद मोंढ्यात करून बघा.

त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. उसापासून लिटरभर इथेनॉल करायला 2,860 लिटर पाणी लागतं. दुष्काळी उन्हाळ्यात गावाची तहान भागवणारा दहा हजार लिटरचा टँकर म्हणजे जेमतेम साडेतीन लिटर इथेनॉल. इथेनॉलमुळे अंबड-घनसावंगीच्या उसाला, भोकरदनच्या मक्याला चांगलं गिऱ्हाईक मिळालं तर आनंदच आहे. पण त्याची वर्गणी दुचाकीवाल्याच्या टाकीतून का?

मग पेट्रोल सोडून विजेची स्कूटर घ्यावी? लिटरभर पेट्रोलची ऊर्जा म्हणजे नऊएक युनिट वीज. पेट्रोलचं इंजिन त्यातला तीन चतुर्थांश भाग उष्णता करून उधळतं, विजेची मोटर फार थोडा. परवडत असेल त्याने खुशाल घ्यावी. ज्याला परवडत नाही, त्याच्यासाठी मागणी एकच: पंपाच्या फलकावर दराखाली लिटरमागची ऊर्जाही लिहा, आणि जितकी कमी तितके पैसे कापा.