किटमध्ये नसलेला भाग

खोक्यावर ‘नवशिक्यांसाठी’ असं छापलेलं दिसलं, की खटपट्याचा चेहरा उतरतो. अमेरिकेत हॉबीच्या दुकानात एस्टेस कंपनीचं ‘बिग बर्था’ नावाचं मॉडेल रॉकेटचं किट मिळतं. पुठ्ठ्याची जाडसर नळी, बाल्साच्या हलक्या लाकडाचे चार पंख, पुढे नाक, आत पॅराशूट. लांबी २ फूट, वजन ६२ ग्रॅमच्या आसपास. कागदावर सांगितलंय तसं चिकटवायचं, शेपटीत दारू ठासलेली तयार मोटर सरकवायची आणि लांब उभं राहून बटण दाबायचं. रॉकेट ५०० फुटांपर्यंत जातं, वर पॅराशूट उघडतं आणि ते गुमान खाली येतं. दहा वर्षांच्या पोरालाही जमतं. खटपट्याची तक्रार नेमकी तीच आहे.

हा गृहस्थ साधारण पन्नाशीचा. पोटासाठी विम्याच्या कंपनीत किंवा दातांच्या दवाखान्यात असतो, पण ती त्याची तात्पुरती सोय. खरा मुक्काम गॅरेजमध्ये, जिथे गाडी सोडून बाकी सगळं मावतं. आपल्याकडे गणपतीच्या मखरात उंदराची मान हलावी म्हणून जुन्या मिक्सरची मोटर बसवणारा, आणि आरतीच्या ऐन वेळी आख्ख्या वाड्याचा फ्यूज उडवणारा जो इसम असतो, त्याचाच हा अमेरिकन मावसभाऊ. किटचा सूचनाकागद तो वाचतो, अगदी बारकाईने वाचतो. कुठे कुठे ऐकायचं नाही, हे ठरवायला वाचावंच लागतं.

यंदाची कल्पना अशी: पॅराशूट शिखरावर उघडलं, की वारा रॉकेटला ढकलत ढकलत शेजारच्या मक्याच्या शेतात नेतो. मग ते वर उघडायचंच कशाला? वर फक्त एक फीत सुटेल, तिच्या फडफडण्यावर रॉकेट झरझर खाली येईल, आणि जमीन १०० फुटांवर आली की हवेचा दाब मोजणारा सेन्सर चिमुकल्या सर्व्हो मोटरला सांगेल, ‘हं, सोड आता.’ थोराड रॉकेटं उडवणाऱ्यांत ही रीत जुनी आहे आणि त्याचं यंत्र तयार मिळतं. तयार मिळतं म्हणूनच ते त्याला नको असतं.

सर्किट, बॅटरी, सर्व्हो, वायरी आणि हे सगळं बसवायचा प्लायवूडचा तुकडा मिळून ६० ग्रॅम भरले. किटचे ६२, मोटरचे २४, एकूण १४६. आता बर्थात घालतात त्या मोटरचं नाव सी६-५. यातला ‘सी’ म्हणजे एकूण जोर. अक्षर एकाने पुढे सरकलं की जोराची मर्यादा दुप्पट. ६ म्हणजे सरासरी सहा न्यूटनचा रेटा, आणि ५ म्हणजे मोटर विझल्यावर पाच सेकंदांनी तिच्या पोटातला दुसरा छोटा बार उडून पॅराशूट बाहेर ढकलतो. ही मोटर जास्तीत जास्त ११३ ग्रॅमचं रॉकेट उचलते. काट्यावरचा आकडा पाहून दुसऱ्या कोणी सर्किट उचलून ठेवलं असतं. खटपट्याने मोटर बदलली.

डी१२ मोटर घ्यायची ठरली. तिची जाडी २४ मिलिमीटर, किटमधली बैठक १८ची. मग चिकटवून वाळलेली बैठक उपटून काढली, त्यात एक पंखही निखळला. डी१२ जवळजवळ २० ग्रॅमने जड, आणि ते वजन सगळं शेपटीत. इथे शास्त्र आडवं येतं. रॉकेट सरळ जायचं तर त्याचा गुरुत्वमध्य हवेच्या दाबाच्या मध्यापेक्षा निदान एका नळीच्या जाडीइतका पुढे पाहिजे. हा दाबाचा मध्य कागदावर काढायची सोपी समीकरणं नासातल्या जेम्स बॅरोमन यांनी १९६६ साली मॉडेलवाल्यांना दिली. त्याआधी लोक रॉकेटला गुरुत्वमध्यापाशी दोरी बांधून डोक्याभोवती गरगरा फिरवत आणि ते नाक पुढे ठेवतं का ते बघत. खटपट्या दोन्ही करतो. दोन्हींचा निकाल एकच लागला: शेपूट जड. मग नाकात माती भरली. ६२ ग्रॅमचं बर्था आता २०० ग्रॅमचं झालं, आणि ते वजन उचलायला मोठी मोटर घेतली हे किती बरं झालं, असं त्याने बायकोला समजावून सांगितलं.

बायकोचा या प्रकल्पातला वाटा म्हणजे लोणच्याची काचेची बरणी. तिला न विचारता धुतलेली. झाकणाला भोक, भोकात रबरी नळी, नळीचं दुसरं टोक व्हॅक्यूम क्लीनरला. सर्किट बरणीत ठेवून हवा ओढायची. दर ८ मीटर चढलं की हवेचा दाब साधारण १ हेक्टोपास्कलने उतरतो. सेन्सरला जगातलं तेवढंच कळतं. व्हॅक्यूम पुरता चालू केला तर तो बसल्या जागी हजार मीटरच्या वर जायचा, म्हणून नळी दोन बोटांत अर्धवट चिमटायची. हवा आत सोडली की सेन्सर ‘उतरायला’ लागायचा आणि बरोबर १०० फुटांवर सर्व्हो टक् करून वाजायचा. टक् झालं की खटपट्या वहीत बरोबरची खूण करी. ओट्यावर, सिंकच्या शेजारी, एकही उड्डाण फसलं नाही.

मैदानावर क्लबचा सुरक्षा अधिकारी असतो. ‘मूळ किटच ना?’ त्याने विचारलं. ‘किरकोळ बदल आहेत,’ खटपट्या म्हणाला. अधिकाऱ्याने रॉकेट हातावर तोललं, खटपट्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना आणखी मागे सरकवलं. तसा नियमच आहे: रॉकेटची खात्री नसेल तर बघ्यांना सावध करून, लांब उभं करूनच ते सोडायचं.

रॉकेट गेलं. सरळ गेलं, हे आधी लिहिलं पाहिजे. माती फुकट गेली नाही. शिखराजवळ मोटरचा दुसरा बार उडाला, फीत सुटली. पण त्या बाराचा वायू फटीतून सेन्सरच्या कप्प्यात शिरला आणि तिथला दाब एकदम वाढला. दाब वाढला म्हणजे जमीन आली, असं सेन्सरला बरणीत शिकवलेलं होतं. त्याने इमानेइतबारे पॅराशूट सोडलं. ते पूर्ण उघडलं, वारा भरला आणि रॉकेट मक्याच्या शेतात गेलं.

‘यंत्र चाललं!’ खटपट्या ओरडला. खोटं काय त्यात?

त्याला तिथे कोणी हसलं नाही, कारण या छंदाचा पायाच अशा माणसांनी घातलेला आहे. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावचे ऑर्व्हिल कार्लाइल यांचं बुटांचं दुकान होतं आणि शोभेच्या दारूचा नाद होता. त्यांनी १९५४ साली भाऊ रॉबर्ट यांच्याबरोबर पहिलं आधुनिक मॉडेल रॉकेट केलं. व्हर्न एस्टेस यांनी मोटरी ठासायला एक यंत्र स्वतः बनवलं, त्याचं नाव ‘मेबल’ ठेवलं आणि त्यातूनच एवढी मोठी कंपनी उभी राहिली. त्याच कंपनीने १९७० साली रॉकेटच्या नाकात बसणारा चित्रपटाचा कॅमेरा विकायला काढला. अलीकडे जो बर्नार्ड नावाच्या, संगीत शिकलेल्या माणसाने मोटरचं तोंड हलवून रॉकेट सावरण्याचा ध्यास घेतला. एकदा पेटली की विझवता न येणाऱ्या मोटरींवर रॉकेट उभ्याने उतरवायला त्याला २०२२ साल उजाडलं. सुरुवात २०१५ ची. तोवर जमिनीला लागलेली रॉकेटं त्याने व्हिडिओत सगळ्यांना दाखवली.

एका बाबतीत मात्र खटपट्या सोवळा आहे. मोटरला तो हात लावत नाही. ती उघडायची नाही, खरवडायची नाही, घरी दारू ठासायची नाही, हा राष्ट्रीय संघटनेच्या सुरक्षा नियमांतला नियम तो अक्षरशः पाळतो. घरातली घड्याळं, टोस्टर, मिक्सर उघडून बसलेल्या माणसाकडून हा संयम थोडाथोडका नव्हे.

अमेरिकेत भाच्याकडे वगैरे गेलात आणि शनिवारी सकाळी असं मैदान दिसलं, तर जरूर थांबा. ध्वनिक्षेपकावर सावधानतेची हाक आली की फोन खिशात ठेवा आणि वर बघा. रॉकेट कुठून येईल ते कॅमेऱ्यात कळत नाही. पेटलं नाही तर पुढे धावू नका, एक मिनिट थांबायचं असतं. आणि मक्यातून पंख मोडलेलं रॉकेट घेऊन येणाऱ्या गृहस्थाला ‘काय झालं?’ असं विचारायचंच असेल, तर आधी जेवून घ्या.