इंग्रजीसारखी इंग्रजी

अ‍ॅपलच्या हायपरकार्ड या सॉफ्टवेअरसोबत १९८७ साली हायपरटॉक ही इंग्रजीसारखी वाचता येणारी प्रोग्रामिंग भाषा आली. मजकुरातला तुकडा हवा, तर ‘वर्ड ३ ऑफ लाइन २ ऑफ फील्ड १’ म्हणायचं. ‘मिडल वर्ड’ चालतो. ‘एनी वर्ड’ म्हटलं की कुठलाही एक शब्द उचलून हातात. ‘द’ बहुतेक ठिकाणी लिहा किंवा गाळा, यंत्र हूं की चूं करत नाही. (शाळेत याच ‘द’पायी आमचे गुण कापले गेले.) मात्र तिचा ‘शब्द’ म्हणजे दोन मोकळ्या जागांमधलं सगळं, चिकटलेल्या स्वल्पविरामासकट.

मग १९९३ साली अ‍ॅपलस्क्रिप्ट. तिथे ‘कॅरेक्टर्स १ थ्रू ३’ मागा, तीन सुट्या अक्षरांची यादी मिळेल. सलग मजकूर हवाय? मग ‘टेक्स्ट १ थ्रू ३’ म्हणा. इंग्रजी येणाऱ्याला हा फरक ऐकून कळणार नाही. उलट इंग्रजी येतं म्हणूनच तो फसेल. वाचताना गप्पा, लिहिताना सरकारी अर्ज: एक शब्द इकडचा तिकडे झाला की कागद परत.

पायथॉनमध्ये तेच काम ‘[०:३]’ एवढ्यात होतं. दिसायला रुक्ष आहे, पण निदान त्याला कुणी इंग्रजी समजत नाही.