चोपन्न चित्रकार आणि एक पाठ

पुसदमध्ये चार माणसे एकत्र आली की काहीतरी छापून निघतेच. मंडळ निघाले की पावतीपुस्तक, पतसंस्था निघाली की वार्षिक अहवाल, शाळेला पन्नास वर्षे झाली की स्मरणिका. गावाने मिळून काढलेला पत्त्यांचा कॅट तेवढा राहिला आहे, आणि ती उणीव भरून काढू पाहणाऱ्या होतकरू समित्यांसाठी हे मार्गदर्शन. योजना सोपी दिसते. बावन्न पाने, दोन जोकर, चोपन्न माणसे; प्रत्येकाने एक पान काढायचे, छापून आणायचे, वाटून टाकायचे. समितीचा सगळा घोर चित्रांचा असतो, पण चित्रे कशीही चालतात. इस्पिकच्या छक्कीवर म्हैस काढली आणि ती घूस दिसली, तरी डाव अडत नाही. सामूहिक कॅट तरतो किंवा बुडतो तो पानाच्या पाठीवर. पालथी घातलेली चोपन्न पाने एकमेकांपासून ओळखू येता कामा नयेत. एक जरी ओळखू आले तर तो कॅट नव्हे, चित्रांचे प्रदर्शन झाले. आपल्या सार्वजनिक कार्यकर्त्याला जड जाते ते नेमके हेच, कारण ओळखू येण्यासाठीच तर तो समितीत आलेला असतो.

हे म्हणणे अतिशयोक्त वाटत असेल तर सावंतवाडीकडे पाहावे. तिथला दशावतारी गंजिफा म्हणजे गोल पाने, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा, अशी एकूण १२० पाने. पानाच्या तोंडावर चिताऱ्याने मत्स्य-कूर्मापासून कल्कीपर्यंत सगळी हौस भागवून घेतली. पाठ मात्र साधी, एकरंगी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी ही मोडीत निघालेली कला राजवाड्यात पुन्हा उभी केली, तेव्हाही पाठीवर संस्थानची मुद्रा उमटवावी असे कुणाला वाटले नाही. ज्यांच्याकडे खरोखरचा राजवाडा होता त्यांना जे सुचले नाही, ते वॉर्डातल्या इच्छुकाला पहिल्याच बैठकीत सुचते.

पहिली पायरी पाने वाटण्याची. अर्ज मागवले की वीस जणांना एक्का हवा असतो, पंधरा जणांना बदामचा राजा, आणि दुर्री-तिर्रीकडे कुणी ढुंकून पाहत नाही. ज्येष्ठतेने वाटावे तर ज्येष्ठता वयाची की वर्गणीची हा प्रश्न येतो, आणि तो सुटेपर्यंत वर्ष उलटते. म्हणून चिठ्ठ्या टाकाव्यात. नगर परिषदेच्या आरक्षण सोडतीत शाळकरी मुलाच्या हाताने चिठ्ठी काढण्याची पद्धत गावाला ठाऊक आहे. तिचा निकाल कुणाला आवडत नाही, पण मुलावर कुणी रागावतही नाही. या पद्धतीला परदेशी आधार हवा असेल तर तोही आहे. १९४०-४१ च्या हिवाळ्यात फ्रान्समधून निसटण्यासाठी मार्सेय शहरात व्हिसाची वाट पाहत अडकलेल्या आंद्रे ब्रेतों, माक्स अर्न्स्ट, विफ्रेदो लाम वगैरे आठ अतिवास्तववादी कलावंतांनी मिळून एक कॅट काढला. राजा, राणी, गुलाम काढून टाकले, प्रेम, स्वप्न, क्रांती आणि ज्ञान असे चार रंग नेमले आणि सोळा मुख्य पाने आठ जणांत दोन-दोन अशी चिठ्ठ्या टाकून वाटली. कुठलाच नियम न मानण्याबद्दल जे प्रसिद्ध होते, त्यांनाही पाने वाटताना चिठ्ठीच टाकावी लागली.

चिठ्ठीत तिर्री आलेल्याची समजूत घालणे हे स्वतंत्र काम आहे, आणि त्याची तक्रार खोटी नसते. पाच-तीन-दोनचा डाव तीसच पानांचा. त्यात दुर्रीपासून छक्कीपर्यंतची मंडळी डबीतच बसून राहतात, म्हणजे त्यांचे चित्र दिवाळीच्या सुटीत उघडले जाणारच नाही. अशा सभासदाला बदाम सात खेळायला बसवावे. तिथे डाव सुरू होतो तो बदामच्या सत्तीने, आणि एक्का रांगेच्या टोकाला तिर्री-दुर्री लागण्याची वाट पाहत ताटकळतो. तेवढ्याने भागले नाही तर गंजिफाचा नियम उसना घ्यावा. त्यात अर्ध्या रंगांत दहा मोठा आणि अर्ध्या रंगांत एक मोठा असतो. पुसदच्या कॅटातही दोन रंगांत क्रम उलटा करता येईल. खेळणाऱ्यांचा गोंधळ उडेल, पण समिती शाबूत राहील.

चार राजांचा प्रश्न इतका सहज सुटत नाही. पुसद तालुक्याने राज्याला दोन मुख्यमंत्री दिले: गहुलीचे वसंतराव नाईक, १९६३ ते १९७५, आणि सुधाकरराव नाईक, १९९१ ते १९९३. एका तालुक्याच्या मानाने हे भरपूर असले तरी कॅटाच्या मानाने दोन कमी पडतात, आणि उरलेल्या दोन जागांवर कुणाकुणाचा डोळा असेल हे सांगायला ज्योतिषी नको. शिवाय लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला राजा म्हणावे का, या मुद्द्यावर कुणीतरी निवेदन देईलच. तेव्हा पहिल्याच बैठकीत ठराव करावा की कुठल्याही पानावर हयात किंवा दिवंगत व्यक्ती येणार नाही. राजाच्या जागी पूस नदी, कापूस, नगारा आणि गावाभोवतीचा डोंगर येईल. नदीचे नातेवाईक बैठकीला येत नाहीत.

आता पाठ. वर्गणी कमी पडली की एक शुभेच्छुक पुढे येतो आणि पाठीवर आपला हात जोडलेला फोटो छापल्यास अर्धा खर्च उचलायला तयार होतो. समितीचे मन द्रवते. इथे तत्त्वाची भाषा करू नये, भूमितीची करावी. चार डाव खेळून पाने गोळा केली की सुमारे निम्मी पाने उलटी झालेली असतात. म्हणजे ५४ पैकी साधारण २७ पानांवर शुभेच्छुक शीर्षासनात दिसणार. हे ऐकून ते स्वतःच विचार करतात. खेळातली खोट याहून मोठी आहे: ज्या पाठीला वर-खाली कळते, तिथे लबाड खेळाडू सगळी पाने सरळ लावून चारही एक्के तेवढे उलटे ठेवतो आणि पुढे डोळे मिटून जिंकतो. म्हणून पाठीचे चित्र अर्धा फेरा फिरवले तरी जसेच्या तसे दिसले पाहिजे. पुसद परिसरात अशी नक्षी शोधायला लांब जावे लागत नाही. तांड्यांवरच्या बंजारा स्त्रियांच्या फेटिया-कांचळीवरचे भरतकाम, चौकोनात चौकोन, त्रिकोणाला त्रिकोण, मधे आरशाचा तुकडा, हे या कामासाठीच घडवल्यासारखे आहे. यावर एक आक्षेप रास्त आहे: ज्या बाईने ती नक्षी काढली तिचे श्रेय पाठीच्या निनावीपणात गिळले जाते. तेव्हा तिचे नाव डबीवर सगळ्यांत वर, एकटे छापावे. चोपन्न जणांची नावे आतल्या चिटोऱ्यावर अकारविल्ह्याने जातील. तिने एकच चित्र काढले पण ते प्रत्येक पानावर आहे, एवढे कारण पुरे.

छापखान्यात जाताना हाताशी आकडे असावेत. पान ६३ बाय ८८ मिलिमीटर, चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापण्यात जाणारी जादा छपाई; १२ बाय १८ इंचाच्या शीटवर अशी १८ पाने बसतात, म्हणजे तीन शीटमध्ये बरोबर ५४. हा हिशेब समितीचा खरा तारणहार आहे. उशिरा जागे झालेले वजनदार गृहस्थ पंचावन्नावे पान मागायला येतात, तेव्हा त्यांना नकार द्यायचा नाही. एका पानासाठी चौथे शीट लागेल, त्याचा खर्च फक्त सांगायचा. दोन-तीनशे कॅट काढायचे असतील तर डिजिटल बरे, हजाराच्या पुढे गेलात तर ऑफसेटच्या प्लेटा परवडतात. कागद ३०० जीएसएमचा आर्टकार्ड, आणि ऐपत असेल तर मधे काळा थर असलेला खास पत्त्यांचा कागद. साधे पान दिव्यासमोर धरले की पलीकडचा एक्का हसताना दिसतो. तिन्ही शीट एकाच गठ्ठ्यातल्या कागदावर छापावीत, नाहीतर जाडीतल्या फरकाने बोटांना पान कळते. पाठीला काठालगत बारीक चौकट ठेवण्याचा मोह आवरावा. पुढची आणि मागची छपाई मिलिमीटरभर तरी सरकतेच, मग चौकट एका पानावर डावीकडे जाड, दुसऱ्यावर उजवीकडे, आणि निनावी पाठ पुन्हा बोलू लागते. मजकूर कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांची चित्रे करूनच द्यावा. तसा दिला नाही तर ऱ्हस्व वेलांटी एक घर पुढे सरकून किलवरचे ‘कलिवर’ आणि इस्पिकचे ‘इस्पकि’ होते, आणि प्रूफ तपासायला बसलेली मंडळी तोवर आपापल्या नावाचे स्पेलिंग तपासत असतात. लग्नसराईत तर छापखान्याची पायरीही चढू नये.

दोन आक्षेप उरतात. पहिला असा की पत्ते म्हणजे जुगार. पोळ्याच्या सुमाराची वर्तमानपत्रे वाचली तर तो निराधार म्हणता येणार नाही. छाप्याच्या बातमीत रोख रक्कम, मोटारसायकली आणि ‘५२ पत्ते’ असा मुद्देमाल ठरलेला. पण जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ पासून आहे आणि पत्ते त्याच्या आधीपासून. शिवाय दशावतार ज्या पानांवर नांदले त्यांना मुळात पापी म्हणणे अवघड आहे. गावातल्या शिक्षिकेने काढलेली चौकटची राणी फेकून तीन पत्ती खेळताना खेळाडूला थोडा तरी संकोच वाटेल, एवढी आशा ठेवायला हरकत नाही. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: एकाच चांगल्या चित्रकाराला काम दिले तर कॅट सुंदर होईल, स्वस्त पडेल आणि बैठका वाचतील. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण तो कॅट घेणार कोण? एकाच्या कॅटाचे कौतुक होते आणि गठ्ठे पडून राहतात. चोपन्न जणांच्या कॅटात प्रत्येकाने नातेवाइकांसाठी पाच-पाच घेतले तरी २७० खपले, आणि पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलांची मागणी अजून धरलेली नाही. समूहाची कला सरस असते असे आमचे मुळीच म्हणणे नाही. समूहाचे ग्राहक जास्त असतात.

डबी चिकटवण्याआधी एक परीक्षा घ्यावी. पहिला कॅट चांगला पिसून सगळी पाने सतरंजीवर पालथी पसरावीत, चोपन्नही जणांना भोवती बसवावे आणि आपले पान कोणते ते बोट ठेवून दाखवायला सांगावे. एखाद्याने पहिल्याच फटक्यात बरोबर दाखवले तर योगायोग समजून पाने पुन्हा पिसावीत. दुसऱ्यांदाही दाखवले तर ते सगळे शीट नव्याने छापून घ्यावे, आणि त्याचे बिल त्याच सभासदाच्या नावे फाडावे.