शुक्रवार पेठेतील मागच्या ब्रेकची चिकित्सा

सोलापुरातील पेठांना वारांची नावे असली, तरी मंगळवार पेठेतून निघालेला मोटारसायकलस्वार त्याच दिवशी शुक्रवार पेठेत पोचतो, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. मात्र ज्याच्या गाडीचा मागचा डिस्क ब्रेक तापून जाम होतो, त्याला या दोन पेठांमधले अंतर दिनदर्शिकेप्रमाणे मोजावे लागण्याची शक्यता नाकारता येत नाही.

या व्याधीत प्रथम गाडी ओढेनाशी होते, त्याचे खापर चालक पेट्रोलवर फोडतो; पुढे करपट वास येऊ लागतो, पण शेंगाचटणीच्या गावात करपट वासाचा उगम आधी कोणाच्या तरी कढईत शोधला जातो; आणि अखेर भर गल्लीत चाक असे धरले जाते की गाडी ढकलूनही हलत नाही. अशा वेळी जमणाऱ्या मंडळींत ऊनवादी पंथ बहुसंख्य असतो. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जाणाऱ्या शहरात या पंथाला अनुयायी मिळणे स्वाभाविक आहे. परंतु डॉट-४ प्रतीचे ताजे ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, आणि उकळलेच तर त्यात वाफेचे बुडबुडे होऊन पेडल मऊ पडते व ब्रेक लागेनासा होतो, म्हणजे लक्षण नेमके उलटे दिसते, हे त्यांना ऐकवण्याची सोय नसते. दुसरा पंथ जलवादी असून तापलेल्या डिस्कवर तांब्याभर पाणी ओतण्याचा आग्रह धरतो, ज्यामुळे ती वाकडी होण्याचा धोका मात्र संभवतो. ‘‘गार झालं की सुटतंय की बे,’’ हे या पंथाचे मुख्य सूत्र होय, आणि दुर्दैवाने ते खरे आहे.

दुर्दैव असे की, अर्ध्या तासाने मेस्त्रीच्या दारात पोचेपर्यंत तेच चाक इतके निरागसपणे फिरू लागते की संशय गाडीवरून उठून चालकावर येतो. म्हणून जाणता मेस्त्री गाडी पुन्हा तापवून आणायला सांगतो आणि चाक धरल्याबरोबर कॅलिपरवरचा, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडच्या चिमटीत धरणाऱ्या भागावरचा, हवा काढण्याचा निपल आठ नंबरच्या पान्याने किंचित सैल करतो. ऑइलची पिचकारी उडून चाक सुटले, तर दाब आत कोंडला होता हे सिद्ध होते. न सुटल्यास कॅलिपरचा पिस्टन किंवा त्याच्या सरकपिना गंजल्या आहेत, असे समजावे.

दाब कोंडण्याचे कारण बहुधा पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे पायाचा जोर ऑइलच्या दाबात बदलणाऱ्या छोट्या नळकांड्यात, दडलेले असते. या नळकांड्यात सुईच्या टोकाएवढे एक छिद्र असते आणि पाय उचलून पिस्टन पूर्ण मागे गेला, तरच ते उघडून तापून फुगलेले ऑइल डबीत परत जाऊ शकते. पिस्टन ढकलणाऱ्या दांडीला एखाद्या मिलिमीटरची मोकळीक, गॅरेजच्या भाषेत ‘प्ले’, उरली नाही तर छिद्र झाकलेलेच राहते. मग फुगलेले ऑइल पॅडना ढकलते, पॅड घासून ऑइलला अधिक तापवतात आणि ही परस्परसेवा चाक थांबेपर्यंत अखंड चालते. छिद्र कचऱ्याने बुजले, तरी परिणाम तोच.

ही मोकळीक कोणी हिरावली, हा प्रश्न मात्र गाडीमालकासमोर जपूनच विचारावा लागतो. ‘ब्रेक फार खाली लागतो’ म्हणून आदल्या रविवारी त्यानेच दांडीचा नट आवळून पेडल वर घेतलेले असते. शिवाय रिक्षा, हातगाडी, शेळी आणि मधोमध थांबून ख्यालीखुशाली विचारणारा ओळखीचा माणूस यांच्यातून वाट काढताना त्याचा उजवा पाय पेडलवर कायमचा विसावलेला असतो, आणि याला तो सावधगिरी म्हणतो. ‘‘एबीएस आहे की गाडीला,’’ असा बचावही केला जातो. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीची झाली हे खरे, पण अनेक गाड्यांत ती फक्त पुढच्या चाकाची काळजी वाहते.

मेस्त्री लॉकनट सैल करून दांडी अर्धा फेरा मागे घेतो, पेडल बोटाने हलवून प्ले अजमावतो आणि चाक फिरवून दाखवतो. जमलेल्यांपैकी जलवादी गृहस्थ रिकामा तांब्या काखेत धरून म्हणतात, ‘‘म्हटलं नव्हतं का, गार झाल्यावर सुटतंय म्हणून!’’