धाकट्याची गादी सरकली

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप आबा आणि आत्याबाई यांच्या चरणी एडिसनच्या सूनबाईचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

फोनवर सगळं कळतं, तरी आबांना कागद लागतो. इकडून गेलेलं पत्र ते आधी स्वतः वाचतात, मग पारावर वाचतात आणि पुढे आठवडाभर खव्याच्या भट्टीवर तोंडपाठ सांगतात. मागच्या पत्रातलं ‘मी आणि हे’ आबांच्या तोंडून ऐकताना पारावर हशा पिकला म्हणे. म्हणून या खेपेला सूनबाईनं पत्र वर्तमानपत्रातल्या बातमीसारखं लिहायला घेतलंय. त्यात ‘मी’ नाही आणि ‘हे’ही नाहीत. बातमी अशी, की आबांच्या धाकट्याची कंबर धरली होती, आता सुटली आहे. मधल्या दोन महिन्यांत काय काय झालं ते पुढे.

प्रकरण सुरू झालं नेवार्कच्या विमानतळावर. भूमहून परतताना धाकट्याच्या बॅगेत ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, कुंथलगिरीचे पेढे आणि आत्याबाईंनी ऐनवेळी साडीत गुंडाळून ठेवलेला दगडी खलबत्ता होता. विमानवाले २३ किलो म्हणतात. बॅग २३ किलोच भरली, कारण खलबत्त्यासाठी धाकट्यानं स्वतःचे बूट काढून ठेवले होते. पंधरा तास बसून आलेला माणूस फिरत्या पट्ट्यावरची बॅग उचलायला एकाच वेळी वाकला आणि वळला. ‘कट्’ असा आवाज आला. खलबत्ता शाबूत होता.

(खलबत्त्याला कोणीही दोष देत नाही, हे आत्याबाईंना आवर्जून सांगावं.)

रात्री फोन झाला. “आई, मणक्यातली गादी सरकलीया,” धाकटा कण्हत म्हणाला. “मग नीट घाल की परत! एवढ्यासाठी फोन केलास व्हय?” असं पलीकडून उत्तर आलं. चूक कोणाची नाही. डॉक्टरांनीच त्या चकतीला गादी म्हणायची सवय लावली आहे. पाठीच्या कण्यात अशा २३ गाद्या असतात. बाहेरून चिवट धाग्यांचं कडं, आत मऊ गर. दिवसभराच्या भारानं त्यातलं पाणी थोडं निघतं आणि रात्री आडवं झालं की परत भरतं, म्हणून माणूस सकाळी एखाद-दुसरा सेंटीमीटर उंच असतो. कड्याला चीर पडली की गर बाहेर डोकावतो आणि शेजारच्या नसेला टेकला की कळ थेट पोटरीत उतरते. मानेतली गादी असेल तर हीच कळ हातात जाते. या दुखण्याचं मूळ गादीत आहे, हे १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी जगाला पटवलं. तोवर जग उसण भरली, एवढंच म्हणत होतं.

भूममध्ये अजूनही तेच म्हणतात, आणि आत्याबाईंनी उपायही तोच सांगितला: पायाळू माणूस गाठा आणि कमरेला त्याचा पाय लावून घ्या. सूनबाईनं एडिसनच्या मराठी मंडळींत चौकशी केली. इंजिनिअर सव्वीस निघाले, पायाळू एकही नाही. इथे बाळ पायाकडून येतंय असं दिसलं, की बहुतेक वेळा सिझेरियनच करतात.

मग डॉक्टर. त्यांनी धाकट्याचा पाय सरळ वर उचलून पाहिला, अंगठा दाबून पाहिला, टाचेवर चालवलं. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, बैठकीचा भाग बधिर होणं, पायातली ताकद जाणं, यातलं काही झालं तर तडक हॉस्पिटल गाठायचं; नाहीतर शेक घ्या, जमेल तेवढं चाला, सहा आठवड्यांनी भेटा. एमआरआयसुद्धा नको म्हणाले. धाकटा नाराज. फोटो नाही, इंजेक्शन नाही, हा कसला डॉक्टर? पण डॉक्टरांचं म्हणणं खरं निघालं. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली छापल्या गेल्या. त्यांत विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के माणसांची गादी फुगलेली दिसली. म्हणजे आबांचा फोटो काढला तर त्यातही ती दिसायचीच, आणि आबा मात्र आजही पाण्याची घागर खांद्यावर घेऊन चढण चढतात.

याच सुमारास पत्रपेटीत एक गुळगुळीत कागद येऊन पडला: ‘ऑपरेशनशिवाय डिकम्प्रेशन! पहिली बैठक मोफत!’ मोफत म्हटल्यावर मराठवाड्याचा माणूस लंगडत का होईना, जातोच.

तिथलं टेबल पाहण्यासारखं होतं. छातीला एक पट्टा, कमरेला दुसरा, आणि टेबलाचा पायाकडचा अर्धा भाग सरकता. संगणक हळूहळू ओढतो, मिनिटभर धरतो, सैल सोडतो, पुन्हा ओढतो. स्नायूंनी बिचकून आखडू नये म्हणून ही चढउतार. मानेसाठी डोकं धरणारा वेगळा साचा. दोन मणक्यांत पोकळी होईल, आतला दाब उतरेल आणि गर आत ओढला जाईल, असा त्यामागचा विचार. या यंत्रांचं पहिलं नाव व्हॅक्स-डी; ते कॅनडाच्या डॉ. अ‍ॅलन डायर यांनी आणलं. धाकट्याला तिथे झोप लागली. उठला तेव्हा कंबर खरोखर हलकी वाटत होती. मग हिशेबाचा कागद आला. वीस-पंचवीस बैठका, आणि एकूण रक्कम एवढी, की भूमच्या बाजारात दोन दुभत्या म्हशी येतील.

म्हशींचा विषय निघाल्यावर सूनबाईची झोप उडाली. तिनं तीन रात्री कॉम्प्युटरपुढे बसून वाचलं. पहिला धक्का सरकारी यादीत बसला. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन या टेबलाला ‘विजेवर चालणारं ट्रॅक्शन’ याच वर्गात घालतं. म्हणजे बार्शीच्या दवाखान्यात थोरल्या भाऊजींना कप्पीवरून वजन लावलं होतं आणि पलंगाच्या पायथ्याखाली विटा ठेवल्या होत्या, तेच. फक्त विटांच्या जागी संगणक आला. अय्यंगार गुरुजींच्या पुण्यातल्या संस्थेत, १९७५ पासून, लोक भिंतीच्या दोरांना लटकून पाठ सैल करतात, तेही याच कुळातलं. आणि अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीसमध्ये तर रोग्याला शिडीला बांधून शिडी वरून आपटत. हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथात त्याची कृती आहे, आणि सोबत टोलाही: असले वैद्य बहुधा गर्दीला थक्क करण्यासाठीच हे करतात.

दुसरा धक्का पुराव्याचा. दाब उतरतो हे १९९४ साली मोजलं गेलं, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या रुग्णांत. याउलट २०१३ साली कॉक्रेन संस्थेनं ट्रॅक्शनच्या ३२ चाचण्या, एकूण २,७६२ रुग्ण, एकत्र तपासले. दुखणं, हालचाल, कामावर परतणं, कशातच फारसा फरक सापडला नाही. इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनी २०१६ साली कंबरदुखीला ट्रॅक्शन देऊच नका म्हटलं. इथल्या वृद्धांचा सरकारी विमा, मेडिकेअर, व्हॅक्स-डीचे पैसे देत नाही. काहींना त्यानं तात्पुरता आराम पडतो, हे धाकट्याची झोप सांगतेच. पण त्या झोपेसाठी दोन म्हशी?

तिसरी गोष्ट मात्र गोड निघाली. बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीरच हळूहळू शोषून घेतं, आणि गंमत म्हणजे तुकडा जितका जास्त सुटलेला तितकी शक्यता जास्त. २०१५ च्या एका आढाव्यात पूर्ण तुटून पडलेले तुकडे ९६ टक्के रुग्णांत विरघळले किंवा आक्रसले. नुसत्या फुगलेल्या गाद्या १३ टक्क्यांतच. हे ऐकून धाकटा दोन दिवस आपली गादी नुसती फुगली की पुरती तुटली, या काळजीत होता, आणि तुटलेली असावी अशी आशा करत होता.

शेवटी टेबलाला नमस्कार केला. मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेक, सकाळ-संध्याकाळ चालणं, फिजिओथेरपिस्टनं शिकवलेले चार व्यायाम आणि दर अर्ध्या तासानं खुर्चीतून उठणं. तिसऱ्या आठवड्यात पोटरीतली कळ मांडीपर्यंत मागे सरली, सहाव्यात गेली. परवा धाकट्यानं स्वतः खलबत्ता ओट्यावर चढवला. गुडघे वाकवून, पोटाशी धरून, न वळता. सूनबाई शेजारी उभी राहून ओरडत होती, ते वेगळं.

आत्याबाईंना एक विनंती. सोलापूरला असं टेबल आलंय का, याची चौकशी त्या करत आहेत असं कळलं. त्यांची हाडं ठिसूळ झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलंय, आणि ठिसूळ हाडांना अशी ओढ चालत नाही. कोणी मोफत म्हटलं तरी जाऊ नये.

थोरल्या भाऊजींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. कळावे, लोभ आहेच.

ता. क. – दिवाळीत पाटा-वरवंटा पाठवायचा बेत कानावर आला. तो थोरल्या भाऊजींच्या मुलाच्या बॅगेत ठेवावा. तो पायाळू आहे. मात्र पायाळू माणसाचीच कंबर धरली तर लाथ कोणी मारायची, हे उलट टपाली कळवावं. इथला नातू रोज विचारतो.