बिनगाडीचं महाबळेश्वर: नवशिक्यांसाठी

नवशिक्याने सोप्या डोंगरापासून सुरुवात करावी, असं जाणकार सांगतात. विल्सन पॉइंटइतका सोपा डोंगर शोधूनही सापडायचा नाही. महाबळेश्वरातली ही सगळ्यांत उंच जागा, 1,439 मीटर. तोरणा 1,403 मीटर. म्हणजे वेल्ह्यातून निघून, बिनी दरवाजापर्यंत जीव काढून जो तोरण्याचा माथा गाठतो, तो शेवटी तुमच्यापेक्षा छत्तीस मीटर खालीच राहतो. तुमची चढाई तर एसटीनेच उरकलेली असते. पसरणीचा घाट, मग पाचगणी, आणि उतरता तीच जागा साडेतेराशे मीटरच्या आसपास. आता राहिला शंभरेक मीटरचा चढ. गुडघे फार कुरकुरणार नाहीत.

मग मार्गदर्शनाची गरज काय? गरज अशी, की महाबळेश्वरात चढणं अवघड नाही, चालत राहणं अवघड आहे. स्टँडवर पाय ठेवल्यापासून सगळं गाव तुम्हाला कशात तरी बसवायला टपलेलं असतं.

मार्ग असा: बाजारातून विल्सन, तिथून उतरून कॅनॉट पीक, मग वेण्णा तलाव आणि तलावावरून सरळ बाजार. दोन शिखरं, एक तळं आणि ज्या रस्त्याने गेलो त्याने परत न येण्याचं समाधान.

दिवस शरदातला निवडा. सप्टेंबरची अखेर किंवा ऑक्टोबर. परदेशातल्या कॅलेंडरांवर या ऋतूत झाडं लालभडक झालेली दिसतात. तशी अपेक्षा ठेवून येऊ नये. इथले जांभूळ, पिसा पानं सोडत नाहीत. लाल असते ती माती, आणि दुपारपर्यंत तुमची विजार. नुकताच पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडून गेलेला असतो. घरांभोवतीचे पावसाळी आडोसे कुठे उतरलेले, कुठे उतरवायचे राहिलेले. उघड्या कड्यांवर सोनकीचा पिवळा धुरळा उठलेला. कारवीचं मात्र नक्की नाही. ती काही वर्षांनी एकदा फुलते आणि ते वर्ष तुमच्या रजेप्रमाणे ठरत नाही.

जांभ्या दगडावरचं शेवाळ अजून ओलं असतं, तेव्हा बूट हवेत. ते आदल्या रात्री लक्ष्मी रोडवर घेतलेले नसावेत. काठी हवी असेल तर ती महाबळेश्वरच्या बाजारातच मिळते. इथल्या काठ्या पूर्वीपासून नावाजलेल्या आहेत, आणि दुमडून पिशवीत जाणाऱ्या महागड्या काठीपेक्षा माकडं तिला जास्त मान देतात. पिशवीत पाणी, भाजलेले चणे आणि एक स्वेटर. स्वेटर सकाळी सातला अपुरा वाटतो आणि दहाला नकोसा होतो. तो कमरेला बांधून दिवसभर मिरवणं हा या मोहिमेतला सगळ्यांत कष्टाचा भाग.

आता पहिली परीक्षा. टॅक्सीवाले दादा येतील. त्यांच्याकडे पॉइंटांची यादी असते.

“काका, पॉइंट बघायचे ना? अर्ध्या दिवसात सगळं दाखवतो.”

“नको, चालतच जायचंय.”

“चालत? कुठं?”

“विल्सनला.”

“अहो, गाडी पार वर जाते!”

इथे बहुतेक नवशिके कोसळतात. गाडी वर जाते हे खरंच असतं. निसर्ग, व्यायाम, डॉक्टरांचा सल्ला यांतलं काहीही सांगू नये, प्रत्येकावर त्यांच्याकडे उत्तर तयार असतं. “आमची माणसं पुढे गेलीत, त्यांना गाठायचंय,” एवढंच म्हणावं आणि भराभरा चालू लागावं. पुढे गेलेली माणसं नसली तरी चालतं.

विल्सनचं मूळ नाव सिंदोळा. 1923 साली मुंबई इलाख्याचे गव्हर्नर म्हणून आलेल्या लेस्ली विल्सन यांचं नाव त्याला चिकटलं आणि टिकलं. महाबळेश्वरात सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही दिसावेत अशी ही जागा. त्यासाठी चौथरे बांधलेले आहेत. लोक उजाडायच्या आधी गाडीने येतात, पांघरुणासकट उतरतात, सूर्य वर आला की मोबाईल खाली करतात आणि नाश्त्याला पळतात. तुम्ही आठच्या सुमाराला पोचा. सूर्य आलेला असतो आणि माणसं गेलेली असतात. धुकं असेल तर काहीच दिसणार नाही. चणे काढा, थांबा. दरीतून पांढरा लोट वर येतो, चौथऱ्याच्या कठड्यावरून पलीकडे जातो, आणि मधल्या अर्ध्या मिनिटात खालचं सगळं खोरं दिसून परत झाकलं जातं. गाडीवाल्याला एवढा वेळ नसतो, त्याला अजून बरेच पॉइंट उरकायचे असतात.

नावांचा विषय निघालाच आहे, तर जनरल लॉडविक 1824 साली इथे चढून आले, त्यांना एक पॉइंट मिळाला. गव्हर्नर माल्कम यांना अख्खी पेठ मिळाली. 1829 साली त्यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वर घेतलं आणि बदल्यात वाईजवळचं खंडाळा गाव दिलं. व्यवहारात कोण फसलं, हे आजचे हॉटेलचे दर बघून ज्याचं त्याने ठरवावं. तुमचं दुसरं शिखरही आधी माउंट ऑलिंपिया होतं, मग ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या नावाने कॅनॉट झालं. उंची 1,400 मीटर. इथे गर्दी कमी, म्हणून नवशिक्याला भीती जास्त. भ्यायचं ते गव्याला. झाडीत काळा खडक हलल्यासारखा वाटला तर तो खडक नाही. टनाच्या आसपास वजनाचा प्राणी आहे. फोटोसाठी जवळ जाऊ नये, हाका मारू नयेत, आलं तसं मागे सरावं. शेकरू दिसलं तर मात्र हवं तितकं थांबा. ते फांदीवरून तुमच्यावर चिडून ओरडत राहील, बाकी काही करणार नाही.

कॅनॉटवरून खाली वेण्णा तलाव दिसतो. साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी 1842 साली बांधलेला. तिकडे उतरलात की दुसरी परीक्षा, घोडा. घोडेवाला किंमत सांगत नाही, आधी घोड्याचं नाव सांगतो. नाव ऐकून घेतलंत की तुम्ही गेलात. त्याच्याकडे न बघता कणसाच्या गाडीकडे वळा. मावशी एका हाताने पंख्याचं चाक फिरवतात, दुसऱ्याने कणीस उलटतात, निखाऱ्यावर दाणे तडतडायला लागले की अर्धं लिंबू तिखट-मिठात बुडवून वरपासून खालपर्यंत चोळतात. “तिखट जास्त?” या प्रश्नाला हो म्हणावं. स्ट्रॉबेरी मात्र या दिवसांत मागू नये. शेतात काळ्या प्लॅस्टिकच्या भोकांतून रोपांनी नुकती कुठे डोकी बाहेर काढलेली असतात. फळाला डिसेंबर तरी उजाडतो. तरीही कोणी क्रीम घालून पुढे केलीच, तर ती मागच्या हंगामाची आहे हे समजून खावी. क्रीम ताजं असतं.

राहिला शेवटचा टप्पा, तलाव ते बाजार. तुमचा मुहूर्त दिवाळीच्या सुट्टीत पडला असेल तर इथे गाड्यांची रांग लागलेली असते. इंजिनं बंद, दारं उघडी, कोणी डिकीतून ठेपले काढतंय, कोणाच्या मुलाला शू लागलीय. या रांगेच्या कडेने, कमरेला स्वेटर आणि हातात काठी अशा थाटात, घाई न करता चालत जावं. दिवसभर तुमची कीव करणाऱ्या गाड्या एकेक करून मागे पडतील. मग एक काच खाली येईल आणि कोणीतरी विचारेल, “दादा, पुढे काय झालंय हो?”

थांबून, काठीवर हात ठेवून सांगावं, “काही नाही, सगळे महाबळेश्वर बघायला आलेत.”