बाराच्या भावात

आमच्या साडूंनी जुना टेम्पो घेतला, टाटा ४०७. वाडीच्या तोंडाशी उभा करून त्यांनी जाहीर केलं, "यात आता घर करायचं." पहिली हरकत आमच्या हिने घेतली. "खोलीत पाहुणा आला तर पाय कुठे पसरायचे ते कळत नाही, आणि हे चाकांवर बंगला बांधणार!" पण २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून साडूंच्या डोक्यात हे घर फिरत होतं. कागदपत्रं त्यांनी बिनबोभाट केली. सुताराने मागे पलंग, ओटा आणि दोन कपाटं ठोकली. राहिलं लाइटीचं काम. ते माझ्याकडे आलं.

का? तर मी गणपतीत मंडळाच्या माळा जोडतो. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला तेव्हा गिरगावात वीज यायची होती. ती आल्यापासून मात्र इथला प्रत्येक मुलगा टेस्टर खिशाला लावूनच जन्माला येतो. चाळीत फ्यूज उडाला की हाक मलाच. २३० व्होल्टला न घाबरणारा माणूस बाराला काय घाबरणार? उघड्या हाताने धरली तरी झटका नाही. खेळण्यातली वीज!

बेत साधा होता. पुढे इंजिनची बॅटरी होतीच, मागे शंभर अँपिअर-अवरची दुसरी ठेवायची. इंजिन चालू झालं की आल्टर्नेटर दोघींना चार्ज करील, आणि मुक्कामाला मागच्या बॅटरीवर पंखा, दोन दिवे आणि छोटा फ्रिज चालेल. आमच्या माळ्यावर मोरीच्या दिव्यातून उरलेली एक एमएमची वायर होती. ती मी या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली, मध्ये पंधरा अँपिअरचा फ्यूज टाकला आणि दोन्ही बॅटऱ्या थेट जोडून दिल्या. हे चालू असताना तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या भरलेल्या होत्या. "लाल-काळी उलटी नाही ना लावलीत?" एवढंच सगळे विचारत होते. वायर केवढी, हे एकानेही विचारलं नाही. गॅलरीतल्या सल्ल्याचं हे असं असतं.

मे महिन्यात गुहागर गाठलं, साडूंच्या सासुरवाडीला. (म्हणजे माझ्याही. पण टेम्पो त्यांचा, म्हणून मान त्यांचा.) फ्रिजमध्ये गिरगावातून नेलेलं तीन किलो श्रीखंड. आठ-नऊ तास इंजिन चालल्यावर बॅटरी टम्म फुगली असणार, या भरवशावर साडूंनी घरातला पलंग नाकारला आणि टेम्पोतच अंथरूण घातलं. रात्री अकराला पंखा मंदावला. एकला फ्रिजने मान टाकली. साडेतीनला साडू उशी बगलेत मारून ओटीवर आले आणि एक शब्दही न बोलता माझ्या चटईवर आडवे झाले.

खरी गंमत सकाळी. चावी फिरवली तर स्टार्टर नुसता उसासला. थेट जोडल्यामुळे मागच्या पंख्याने रात्रभर पुढच्या बॅटरीचंही रक्त प्यालं होतं. आता स्टार्टरला लागतात शेकड्यांनी अँपिअर. पुढे काही मिळेना म्हणून त्याने मोरीच्या वायरीतून मागचा करंट ओढायला घेतला, आणि फ्यूज उडाला. त्या सबंध दौऱ्यात नेमून दिलेलं काम चोख करणारी ती एकच वस्तू. मग सासरे, दोन मेहुणे आणि शेजारचे नारळ पाडायला आलेले गडी, सगळ्यांनी मिळून टेम्पो उतारावर ढकलला. श्रीखंडाचं पियूष झालं होतं. ते ढकलणाऱ्यांना दिलं.

इंजिन लागल्यावर नवा फ्यूज घालून मल्टिमीटर लावला. पुढच्या बॅटरीवर १४.१ व्होल्ट. मागच्यावर १२.४. मधले व्होल्ट गेले कुठे?

उत्तर लोहार चाळीत मिळालं. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "लोड?"

"फ्रिज, पंखा आणि चार्जिंग. धरा दहा अँपिअर."

"लांबी?"

"पाच मीटर."

"जाऊन-येऊन दहा." त्याने कॅल्क्युलेटर बडवला. "एक एमएमला पॉइंट सतरा ओहम. गुणिले दहा. एक पॉइंट सात व्होल्ट वायरीतच संपले. आधी कुठे होती ही?"

"मोरीत."

"मग मोरीतच ठेवा, साहेब."

२३०मधून पावणेदोन व्होल्ट गळले तर घरातल्या दिव्याला पत्ताही लागत नाही. बारामधून गळले की संसार बुडतो. आणि हे मला सुचू नये? तिसऱ्या मजल्यावर राहतो मी! खालच्या नळाला धो धो आणि आमच्याकडे करंगळीएवढी धार, हे पहाटे उठून वर्षानुवर्षं बघतोय. बारीक नळीतून प्रेशर वर चढत नाही. शिवाय जे चढत होतं त्यातलं बहुतेक फ्रिज आणि पंखाच पिऊन टाकत होते. बॅटरीच्या तोंडी घोटभर.

मग सोळा एमएमची केबल आणली. टोकांना थिंबल दाबून घेतले. फ्यूज असतो तो वायर जळू नये म्हणून, फ्रिजसाठी नव्हे, हेही तिथेच कळलं. म्हणून दोन्ही बॅटऱ्यांपासून वीतभर अंतरावर एकेक बसवला. आणि मध्ये रिले. इंजिन चालू होऊन व्होल्टेज चढलं की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, उतरलं की तोडतो. म्हणजे आमच्या घराण्यासारखं: गणपतीत सगळे एका पंगतीला, एरवी वेगळी चूल. आता पुढे १४.१ तर मागे १३.९. हा आकडा मी गॅलरीकडे बघून मोठ्याने वाचला.

पुन्हा गुहागरला मात्र जाणं झालेलं नाही. साडू रोज जेवून टेम्पोत जातात आणि पंखा लावून पडतात. परवा आमच्याकडे हिच्या मावशीकडचे चौघे आले, तेव्हा मीही उशी घेऊन खाली उतरलो. मागचं दार उघडलं तर पलंगावर साडू, ओट्याखाली पहिल्या मजल्यावरचे नाना आणि दोन कपाटांच्या मध्ये मंडळाचे खजिनदार.

"या," साडू कुशीवर वळत म्हणाले. "पण पंखा एकवरच ठेवायचाय."